परवानगी कोणाची, तपासणी कोणाची?
इंटरनेटवरील पाळत, कायदा आणि बोलण्याचे स्वातंत्र्य : प्रस्तावना

इंटरनेटवर कोण काय बोलतो आणि कोण कोणाशी बोलतो, या दोन्ही गोष्टींबाबत सरकारला कायद्याने अधिकार मिळालेले आहेत. फोन ऐकणे, संदेश वाचणे, कोण केव्हा कुठल्या संकेतस्थळावर गेला याची नोंद मागवणे, कुलूपबंद माहिती उघडून द्यायला लावणे हे पाळतीचे अधिकार. मजकूर हटवणे, खाते बंद करणे, बोलणाऱ्यावर गुन्हा नोंदवणे, प्रसंगी अख्ख्या जिल्ह्याचे इंटरनेट थांबवणे हे नियंत्रणाचे अधिकार. कायद्याच्या ग्रंथांत यांची प्रकरणे वेगळी असतात आणि न्यायालयांतही ते खटले वेगवेगळ्या वाटांनी चालतात. सामान्य माणसाच्या लेखी मात्र हा विषय एकच आहे. डिचोली तालुक्यातील कोणी खाणीच्या ट्रकांविरुद्ध किंवा पेडण्यातील कोणी मोपा विमानतळासाठी गेलेल्या जमिनीविषयी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहायला बसतो, तेव्हा हे कोण वाचत असेल आणि वाचून काय करील, हे दोन प्रश्न त्याच्या मनात एकदमच येतात. पहिल्याचे उत्तर मिळण्याची सोय नसते, म्हणून दुसऱ्याची भीती वाढते. या पुस्तकात पाळत आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांचा विचार एकत्र केला आहे तो याच कारणाने.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(अ) ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आणि 19(2) ने त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा ठेवली. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये रद्द केली. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण निर्बंधांच्या यादीत आले. खाजगीपणाचा उल्लेख मूळ संविधानात नव्हता. कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यात पत्रव्यवहाराची गुप्तता होती, डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या मसुद्यात घर आणि कागदपत्रे यांना मनमानी झडतीपासून संरक्षण होते. दोन्ही गोष्टी अंतिम संहितेत आल्या नाहीत. ही उणीव भरून निघायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. त्या दिवशी न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

पाळतीच्या कायद्याचे मूळ याहून जुने आहे. 1885 च्या भारतीय तार अधिनियमातील कलम 5(2) नुसार सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर सरकार संदेश अडवू आणि पाहू शकत असे. बोलण्यावरचे कायदेही त्याच काळातले. दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम 124-अ 1870 मध्ये घातले गेले. देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा 1878 मध्ये आला आणि 1882 मध्ये मागे घेतला गेला. लोकमान्य टिळकांना 'केसरी'तील लेखनाबद्दल 1897 मध्ये अठरा महिन्यांची आणि 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही 1908 मध्येच तुरुंगात जावे लागले. मराठी वाचकाला हा इतिहास शाळेपासून माहीत असतो. त्याच काळात पश्चिम घाटाच्या पलीकडे मराठी लिहिणाऱ्यांची आणखी एक वस्ती वेगळ्याच राजवटीखाली होती. तिचा अनुभव मराठीतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत फारसा येत नाही, आणि हा अन्याय आहे.

गोव्यात छापखाना 1556 मध्ये आला; हिंदुस्थानात तो पहिला. पुढे 1754 मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने वसाहतीत छपाईवर बंदी घातली आणि 1821 पर्यंत गोव्यात छापखाना राहिला नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आले. या नव्या काबिजादींत देवळे टिकली, कीर्तन टिकले आणि मराठीचे वाचन-लेखनही टिकले. 1926 मध्ये पोर्तुगालचे प्रजासत्ताक कोसळले. पाठोपाठ सालाझारची राजवट आली आणि छपाईपूर्व सेन्सॉर हा रोजच्या कारभाराचा भाग बनला. वृत्तपत्राचा मजकूर आधी सेन्सॉरकडे जाई आणि मोहर उमटल्यावरच छापला जाई. लग्नपत्रिकासुद्धा त्या वाटेने जात, असे त्या काळच्या आठवणींत सांगितलेले आढळते. केपे येथून 'भारत' चालवणाऱ्या गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांच्यासारख्या संपादकांनी या यंत्रणेशी वर्षानुवर्षे झुंज दिली.

राममनोहर लोहिया 18 जून 1946 रोजी मडगावात उभे राहिले तेव्हा त्यांची मागणी नागरी स्वातंत्र्याची होती. परवानगीशिवाय सभा घेता यावी, परवानगीशिवाय बोलता यावे, एवढेच ते मागत होते. राजकीय मुक्तीचा लढा त्या मागणीतून वाढला. गोमंतकीय राष्ट्रवादाचे प्रणेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले.

या काळातील एक प्रकरण इंटरनेटच्या चर्चेला फार जवळचे आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी 25 नोव्हेंबर 1955 पासून गोव्याच्या सीमेबाहेरून एक गुप्त रेडिओ केंद्र चालवले, आधी आंबोलीच्या रानातून आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून. 'गोंयच्या सोडवणेचो आवाज' या नावाने कोंकणीतून आणि 'व्होझ द लिबर्दाद' या नावाने पोर्तुगीजमधून ते प्रसारण गोव्यातल्या घरांत पोचत असे. सेन्सॉरने कापलेल्या आणि वृत्तपत्रांत कधीच न येणाऱ्या बातम्या त्यातून कळत. डिसेंबर 1961 पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत, हे केंद्र चालू राहिले. राजसत्तेने कागदावर मोहर बसवली तरी हवेतून येणारा आवाज तिच्या हाती लागला नाही. आज सीमेपलीकडील सर्व्हर, कुलूपबंद संदेश आणि व्हीपीएन यांच्याविषयी जे वाद चालतात, त्यांचे मूळ रूप सावंतवाडी आणि पेडण्याच्या लोकांनी सत्तर वर्षांपूर्वी पाहिलेले आहे.

मुक्तीनंतर साधारण तीन महिन्यांनी, मार्च 1962 मध्ये, दैनिक 'गोमन्तक' सुरू झाले आणि गोव्याला मोहरेविना निघणारे मराठी दैनिक मिळाले. पुढे तेरा वर्षांनी देशभर आणीबाणी आली आणि वृत्तपत्रांवर पुन्हा पूर्वतपासणी लादली गेली. 'साधना' साप्ताहिक तिच्याशी न्यायालयात लढले. 1975 च्या कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी भर संमेलनात लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि पुढे त्यांना अटक झाली. आणीबाणीत गोव्यातील वयस्क वाचकाला मोहरेचे हे राज्य नवे नव्हते. महाराष्ट्राला मात्र स्वतंत्र भारतात ते प्रथमच दिसत होते.

इंटरनेटसाठी वेगळा कायदा 2000 मध्ये आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम त्या वर्षी 17 ऑक्टोबरला लागू झाला, पण त्याचा भर व्यापार आणि डिजिटल सहीवर होता. आजचे त्याचे रूप 2008 च्या दुरुस्तीतून घडले आणि त्या दुरुस्तीमागे मुंबई होती. 26 नोव्हेंबर 2008 चे हल्लेखोर इंटरनेटवरून होणाऱ्या फोन कॉलद्वारे सीमेपलीकडून सूचना घेत होते, आणि ते संभाषण तपास यंत्रणांनी ऐकले होते. महिन्याभराच्या आत, 22 आणि 23 डिसेंबरला, संसदेने जवळजवळ विनाचर्चा दुरुस्ती मंजूर केली. तिच्यातून कलम 69 चे विस्तारित रूप, मजकूर रोखण्याचे 69-अ, रहदारीच्या नोंदी गोळा करण्याचे 69-ब आणि 'त्रासदायक' वा 'अत्यंत आक्षेपार्ह' संदेशाला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवणारे 66-अ ही कलमे आली. पाळत आणि बोलण्यावरचे निर्बंध एकाच दुरुस्तीत आणि एकाच दुःखाच्या छायेत जन्माला आले.

कलम 69 आणि 1885 चे कलम 5(2) शेजारी ठेवून वाचले की फरक दिसतो. जुन्या कायद्यात आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही पूर्वअट होती. नव्यात ती नाही, शिवाय 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हे कारण जोडले आहे. संदेश उलगडून देण्यास नकार देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इंग्रज सरकारने स्वतःकडे जेवढा अधिकार घेतला होता त्याहून हा विस्तृत आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने 20 डिसेंबर 2018 रोजी दहा केंद्रीय यंत्रणांची यादी जाहीर केली आणि या कलमाखाली पाळतीचे अधिकार कोणाकडे आहेत ते प्रथमच लोकांसमोर आले.

पाळतीचा एक आदेश निघतो कसा, हे जवळून पाहण्याजोगे आहे. टेलिफोन टॅपिंगविरुद्ध पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये दंडक घालून दिले आणि पुढे 2007 मध्ये ते नियम 419-अ म्हणून तार नियमांत आले. त्यानुसार केंद्रात केंद्रीय गृहसचिव आणि राज्यात राज्याचे गृहसचिव आदेश काढतात. आदेश साठ दिवस चालतो आणि वाढवत नेल्यास एकूण एकशे ऐंशी दिवसांपर्यंत जातो. त्याची प्रत पुनर्विलोकन समितीकडे जाते. केंद्रात ही समिती मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते, राज्यात मुख्य सचिवांच्या. समितीतले सगळे सदस्य सचिव असतात. आदेश देणारा अधिकारी आणि आदेश तपासणारा अधिकारी एकाच सचिवालयात बसतात. या साखळीत न्यायाधीश कुठेही नाही. ज्याच्यावर पाळत होती त्याला नंतरही कळवले जात नाही, त्यामुळे तक्रार करायची वेळ त्याच्यावर येतच नाही.

आदेशांची संख्या पाहिली म्हणजे ही तपासणी किती खरी असू शकते ते कळते. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराच्या आधारे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार केंद्र सरकार दरमहा सरासरी 7,500 ते 9,000 टेलिफोन पाळतीचे आदेश काढत होते. महिन्याचे सगळे दिवस काम केले तरी रोज अडीचशे ते तीनशे आदेश होतात. मुंबई उच्च न्यायालयाचे एकेकाळचे न्यायाधीश बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 मध्ये विदासंरक्षणावर अहवाल दिला. दोन महिन्यांनी भरणाऱ्या पुनर्विलोकन समितीसमोर प्रत्येक बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश येतात आणि ते तपासणे अशक्यप्राय आहे, अशी नोंद त्यात आहे. या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इथे आहे. पाळत असावी की नसावी, हा वाद बहुतेक वेळा निष्फळ ठरतो. पाळत लागते, हे 26 नोव्हेंबरने दाखवले आहे. पण परवानगी देणारा आणि परवानगी तपासणारा वेगवेगळे नसतील, तर कायद्यात कितीही अटी लिहिल्या तरी त्या कागदावर राहतात.

गोव्यापुरती यात एक गुंतागुंत आहे. महाराष्ट्र आणि गोवा मिळून दूरसंचाराचे एकच परिमंडळ होते, मुंबई वेगळी. पेडणे तालुक्यातील पत्रादेवीचा मोबाइल आणि नाक्यापलीकडील बांद्याचा मोबाइल एकाच परिमंडळातले, पण त्यांच्यावरचे आदेश पणजी आणि मुंबई अशा दोन गृहखात्यांतून निघतात. न्यायालय मात्र दोघांचे एकच. मुंबई उच्च न्यायालयाचे गोव्यातील पीठ 1982 पासून आहे आणि मुंबईत दिलेला निकाल फोंड्यातही लागू पडतो. म्हणून या विषयात मुंबईचे निकाल गोमंतकीय वाचकाने स्वतःचे म्हणून वाचावेत. लाचेच्या एका प्रकरणात मुंबईतील व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये रद्द केले, सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नसताना पाळत ठेवता येत नाही असे सांगितले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेश दिला. पाळतीविरुद्ध नागरिकाला मिळालेल्या थोड्या यशांपैकी हे एक आहे.

बोलण्याच्या बाजूचा इतिहास अधिक परिचित आहे, कारण तिथे अटक होते आणि अटकेची बातमी होते. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते आवडल्याची खूण केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यापूर्वी दोन महिने व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहाचे कलम लागले होते. 2014 मध्ये लोकसभा निवडणुकीच्या सुमारास गोव्यातील एका जहाजबांधणी अभियंत्यावर भावी पंतप्रधानांविषयीच्या फेसबुक नोंदीबद्दल गोवा पोलिसांनी गुन्हा नोंदवला, त्यातही 66-अ होते. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने पालघरच्या घटनेनंतर केलेल्या याचिकेवर 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 66-अ घटनाबाह्य ठरवले. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांच्या या निकालाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत भेद केला आणि फक्त चिथावणीलाच शिक्षेच्या कक्षेत ठेवले. मजकूर रोखण्याचे 69-अ त्याच निकालात टिकले. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस नंतरही गुन्हे नोंदवत राहिले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला.

66-अ गेल्यावर जुनी कलमे पुढे आली. मे 2022 मध्ये महाविकास आघाडीच्या काळात शरद पवार यांच्याविषयीच्या फेसबुक मजकुरावरून अभिनेत्री केतकी चितळे यांना चाळीसएक दिवस कोठडीत काढावे लागले. गोव्यात 2023 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या विधानाची चित्रफीत पसरल्यावर मुरगाव तालुक्यातील एका ख्रिस्ती धर्मगुरूंवर गुन्हा दाखल झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांविषयीच्या विधानावरून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोव्यातील माजी प्रमुख सुभाष वेलिंगकर यांच्यावर डिचोली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. धर्मगुरूंवरील गुन्ह्यात धार्मिक भावना दुखावण्याचे जुने 295-अ होते, वेलिंगकरांवरील गुन्ह्यात त्याच आशयाचे नव्या भारतीय न्याय संहितेतील 299. तक्रारदार बदलले, आरोपी बदलले, सत्तेतील पक्ष बदलले, पण हत्यार तेच राहिले. आपल्याला न आवडणाऱ्याविरुद्ध हे कलम वापरले गेले की समाधान मानणाऱ्याने, ते उद्या आपल्यावर येईल तेव्हा त्याची धार तितकीच असेल, हे आधीच जाणून घ्यावे.

दुसऱ्या बाजूचे दुःखही तितकेच खरे आहे. जून 2014 मध्ये पुण्यात फेसबुकवरील विटंबनेच्या चित्रांवरून उसळलेल्या दंग्यात हडपसर येथे एका निरपराध तरुणाला जमावाने ठार मारले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. संदेशाचा पहिला पाठवणारा कोण हे शोधता आले पाहिजे, असा सरकारचा आग्रह याच घटनांतून बळावला आणि 2021 च्या नियमांत नियम 4(2) म्हणून आला. व्हॉट्सअॅपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरील स्टेटसवरून तणाव झाला तेव्हा तिथले इंटरनेट बंद करण्यात आले. बंदीचा आदेश प्रसिद्ध झालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये सांगितले आहे, तरीही अनेक राज्यांत असे आदेश लोकांना सहज पाहायला मिळत नाहीत.

या सगळ्यावर विचार करणाऱ्यांचे ढोबळ चार प्रवाह दिसतात. पहिला सुरक्षेला अग्रक्रम देणाऱ्यांचा. गुन्हेगार कुलूपबंद संदेश वापरतात, तर पोलिसांना किल्ली हवी, असे ते म्हणतात. या मताच्या मागे पोलीस अधिकारी आणि हल्ल्यांत माणसे गमावलेली कुटुंबे उभी आहेत, म्हणून ते हलके मानता येत नाही. दुसरा प्रवाह घटनावादी वकिलांचा. त्यांना पाळत मान्य आहे, पण न्यायालयाच्या परवानगीने, ठरलेल्या मुदतीत आणि पुट्टस्वामी निकालाने सांगितलेल्या कायदा, उद्दिष्ट आणि प्रमाणबद्धता या कसोट्यांवर. तिसरा तंत्रज्ञांचा. चांगल्या माणसासाठी उघडलेली वाट वाईट माणसालाही सापडते, त्यामुळे फक्त पोलिसांना उघडता येईल असे कुलूप बनवताच येत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा प्रश्न गणिताचा आहे, इच्छेचा नाही, असे ते वारंवार सांगतात आणि सरकारे वारंवार विसरतात. चौथा प्रवाह समतेचा. बोलण्याचे स्वातंत्र्य सगळ्यांना सारखे मिळत नाही. दलित लेखिकेला किंवा मुस्लिम पत्रकार स्त्रीला येणाऱ्या शिवीगाळीने तिचे बोलणे कायद्याआधीच थांबते, याकडे ते लक्ष वेधतात. मराठीत दुसरा प्रवाह सर्वांत जास्त लिहिता आहे आणि चौथा सर्वांत कमी ऐकला गेला आहे.

जगातील वाटचाल इथे थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेत 2001 च्या हल्ल्यानंतर पाळतीचे अधिकार वाढले आणि एडवर्ड स्नोडेन यांनी 2013 मध्ये त्यांचे खरे आकारमान उघड केले. ब्रिटनने 2016 च्या कायद्यात पाळतीचा आदेश मंत्र्याबरोबर न्यायिक आयुक्तानेही मान्य करावा अशी दुहेरी अट घातली. युरोपीय न्यायालयाने 2014 मध्ये सर्व नागरिकांच्या संपर्कनोंदी सरसकट साठवण्याचा निर्देश रद्द केला. गोव्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण पोर्तुगालचे आहे. एप्रिल 1974 च्या क्रांतीत सालाझारशाही संपली आणि 1976 च्या संविधानात संगणकावरील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र अनुच्छेद 35 आला. असा अनुच्छेद लिहिणाऱ्या पहिल्या देशांत पोर्तुगाल मोडतो. सर्व कामांसाठी नागरिकाला एकच राष्ट्रीय क्रमांक देण्यास त्यात मनाई आहे. एप्रिल 2022 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने संपर्कनोंदी साठवण्याच्या कायद्यातील तरतुदी रद्द केल्या. लग्नपत्रिका तपासणारी सत्ता ज्या देशाची होती, त्या देशाने तिचा अनुभव विसरायचा नाही असे ठरवले आणि तो संविधानात लिहून ठेवला. गोव्याने तोच अनुभव अंगावर घेतला, पण त्याची स्मृती मुक्तिदिनाच्या भाषणांपलीकडे कायद्याच्या चर्चेत आली नाही.

हा विषय आता निकडीचा झाला आहे, कारण गेल्या काही वर्षांत कायद्याचा जवळजवळ सगळा सांगाडा बदलला. 1885 च्या कायद्याची जागा दूरसंचार अधिनियम 2023 ने घेतली. त्यातील पाळतीचे कलम (क्रमांक 20) जून 2024 पासून लागू आहे आणि डिसेंबर 2024 च्या नियमांनीही न्यायाधीशाला साखळीबाहेरच ठेवले. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून आली. राजद्रोहाचा शब्द गेला आणि कलम 152 आले. 'सहयोग' या पोर्टलवरून सरकारी यंत्रणा कंपन्यांना मजकूर हटवण्याच्या सूचना पाठवू लागल्या आणि त्याविरुद्धची 'एक्स' कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र दोनदा वेगळा सूर लावला. ऑगस्ट 2021 मध्ये पत्रकार निखिल वागळे आणि 'द लीफलेट' यांच्या याचिकांवर डिजिटल माध्यमांना आचारसंहितेत बांधणाऱ्या नियमांना स्थगिती मिळाली. सप्टेंबर 2024 मध्ये कुणाल कामरा यांच्या याचिकेवर, सरकारविषयीची बातमी खोटी ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच पथकाला देणारी दुरुस्ती रद्द झाली. त्याआधी जानेवारीत दोन न्यायाधीशांची मते विभागली गेली होती. न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या तिसऱ्या मताने निर्णय लागला.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा या बदलांत सर्वांत चटका लावणारा आहे. नागरिकाची माहिती राखण्यासाठी तो आला, पण सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद त्यातच आहे. शिवाय त्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(ज) बदलले. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक लोकहितासाठी देता येईल असे त्या कलमातच होते. ते शब्द तिथून गेले. गोव्याने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा 1997 मध्येच केला होता, देशाच्या आठ वर्षे आधी. ग्रामसभेत पंचायतीला जाब विचारणाऱ्या गावकऱ्याचे मोठे साधन तेच होते. सरकारला नागरिकाचे अधिक दिसावे आणि नागरिकाला सरकारचे कमी, अशी दिशा या बदलात स्पष्ट आहे.

कायद्याच्या अपारदर्शकतेची किंमत राजकारणात नसलेला माणूसही मोजतो. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली ठग वृद्ध माणसाला व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतात आणि आयुष्याची पुंजी काढून घेतात. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. पोलीस काय करू शकतात आणि काय नाही, हे लोकांना नीट माहीत नसल्यानेच तो धाक चालतो. आपल्या हक्काचे कलम ठाऊक असणे ही प्रत्येक घराची साधी गरज आहे.

प्रस्तुत पुस्तक या गरजेसाठी सिद्ध झाले आहे. फोंडा, पेडणे, डिचोली आणि सीमेपलीकडील सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यातील वाचक, शिक्षक, पंचायत सदस्य, वार्ताहर आणि तालुका न्यायालयांतील वकील हा त्याचा अपेक्षित वाचकवर्ग. कायद्याची भाषा त्यांच्या रोजच्या मराठीत आणणे, निकालांमागच्या घटना सांगणे आणि कोणता अधिकार कोणाच्या सहीने वापरला जातो ते दाखवणे, एवढे काम पुस्तकाने अंगावर घेतले आहे. सायबर कॅफेसाठीच्या 2011 च्या नियमांसारख्या विसरल्या गेलेल्या तरतुदींनाही त्यात जागा आहे. कप्प्यांची आडभिंत साडेचार फुटांहून उंच नको आणि गिऱ्हाइकाची नोंदवही किमान वर्षभर जपावी, असे ते नियम सांगतात. पाळत सचिवालयात सुरू होते आणि बाजारातल्या दुकानापर्यंत कशी पोचते, ते अशा बारीक नियमांतून नीट दिसते. पेगॅसस या फोनवर हेरगिरी करणाऱ्या प्रणालीच्या प्रकरणाचा निकाल पुस्तकात शोधू नये. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये नेमलेल्या तांत्रिक समितीला 29 पैकी 5 फोनमध्ये घातक प्रणाली आढळली, पण ती पेगॅससच असल्याचे ठरले नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही असे न्यायालयातच सांगितले गेले. तेवढेच पुस्तकात नोंदवले आहे.

दंडसंहितेतील कलमे सर्वत्र जुन्या आणि नव्या दोन्ही क्रमांकांनी दिली आहेत. 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांचे खटले अजूनही जुन्याच संहितेखाली चालू आहेत आणि पोलीस स्थानकातून हाती पडणाऱ्या कागदावर वाचकाला दोहोंपैकी कोणताही क्रमांक दिसू शकतो.